ओटीवरचं सामान

फोंडा

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

परवा म्हापशाला तुझ्या ऑफिसात तू लॅपटॉप उघडून दाखवलास, तेव्हा मालक शेजारी होते म्हणून मी गप्प बसलो. होमस्टेच्या फोटोंपैकी अर्ध्यांची नावं कॅमेऱ्याने ठेवलेली, अर्ध्यांची व्हॉट्सअ‍ॅपने. चतुर्थीच्या सुट्टीत सगळं आवरणार म्हणालीस. आवर, पण कशाला हात लावायचा नाही ते आधी ऐक.

आपण ऑफरचा मेल पाठवतो, तेव्हा फोटो सहसा मेलबरोबर जात नाही. जातो त्याचा पत्ता. फोटो आपल्या सर्व्हरवरच असतो आणि पाहुणा मेल उघडेल तेव्हा तिथून आणला जातो. म्हणजे पाठवलेला मेल आपल्या फोल्डरवर कायमचा अवलंबून.

हे मी ठेच लागून शिकलो. किनारपट्टीवरच्या एका हॉटेलात नोकरीला होतो. जुलैतला शनिवार, पाहुणे नाहीत, बाहेर धो धो पाऊस. वेळ होता म्हणून सर्व्हरवरची फोल्डरं सालवार लावून टाकली. स्वतःवर खूश झालो. आठच दिवसांपूर्वी दिवाळीच्या ऑफरचा मेल गेला होता, त्यातले सगळे फोटो त्या क्षणी बेपत्ता. पाहुण्यांना नुसते रिकामे चौकोन. ऑफिसात मात्र कुणालाच पत्ता नाही! जीमेल 2013 च्या अखेरीपासून फोटो स्वतःच्या सर्व्हरमार्फत दाखवतं आणि त्यांची प्रत काही काळ जवळ ठेवतं. आम्ही तो मेल आधीच उघडलेला, त्यामुळे आमच्या फोनवर सगळं झकास. सोमवारी एका नेहमीच्या पाहुण्याने फोन करून विचारलं, तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली.

तेव्हापासून मी फोल्डरांच्या दोन खोल्या करतो, माजघर आणि ओटी. माजघरात मूळ फोटो, अर्धवट डिझाइनं, मालकांनी नाकारलेली पोस्टरं. तिथे हवी तशी उलथापालथ कर. ओटीवर फक्त पाठवलेल्या मेलमधलं सामान, आणि ते हलवायचं नाही, त्याचं नाव बदलायचं नाही, पुसायचं तर नाहीच. फोटो बदलायची वेळ आली तर नव्या नावाने नवा ठेव. जुन्यावरच नवा चढवलास तर कुणाला जुना दिसेल, कुणाला नवा.

कागदपत्रांचं गणित वेगळं आहे आणि इथे बरेच जण घोळ घालतात. दरपत्रकाचा पत्ता कायम ठेवायचा, आतला कागद बदलायचा. 22 सप्टेंबर 2025 ला दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोल्यांवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 वर आला. जुना मेल उघडून आज कुणी दरपत्रक पाहिलं, तर त्याला आजचाच आकडा दिसला पाहिजे. म्हणून दरपत्रक मेलला जोडू नये, त्याची लिंक द्यावी. एकदा जोडून पाठवलेला कागद परत घेता येत नाही. ऑफरच्या अटी मात्र अगदी उलट. ज्या अटी वाचून पाहुण्याने पैसे भरले, तो कागद जसाच्या तसा राहायला हवा, नाहीतर भांडणात आपल्या हाती काहीच नाही. पाहुण्यांचे चेहरे असलेल्या फोटोंची लेखी संमती आणि फोटोग्राफरशी ठरलेला करार माजघरात, ज्या त्या फोटोच्याच नावाने ठेव.

नावाबद्दल. आधी साल, मग महिना, मग जागा, मग काय आहे ते. फोटो काढल्याचा महिना आपल्याकडे फार मोलाचा. जुलैतला दूधसागर मे महिन्याच्या ऑफरला लावलास, तर पाहुणा कोरडा कातळ बघून तुलाच फोन करील. पावसाच्या तोंडावर किनाऱ्यावरचे शॅक उतरवतात, म्हणून जानेवारीतला शॅक पावसाळी ऑफरमध्ये नको. फाइलचं नाव इंग्रजीतच ठेव, मधे जागा सोडू नकोस, जोडरेघ वापर. देवनागरी नावाची लिंकमध्ये टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक माळ होते, आपलं मराठीप्रेम मजकुरात दाखवू. आणि गावांची स्पेलिंगं आजच ठरवून टाक. म्हापसा, मडगाव, फोंडा, पणजी, एकेकाची दोन-दोन रूपं चालतात. एक शोधलंस की दुसऱ्या स्पेलिंगचे फोटो सापडतच नाहीत. मी यादी छापून टेबलाच्या काचेखाली सरकवली होती.

प्रत्येक फोटोबरोबर एका ओळीचं वर्णन लिहून ठेव, तेच मेलमध्ये फोटोच्या जागी जातं. कित्येकांच्या आउटलुकमध्ये फोटो आपोआप उघडत नाहीत. मालक म्हणतील, 'एकच मोठं पोस्टर करून पाठव.' त्यांना तोच मेल फोटो बंद करून दाखव, वाद मिटेल. मेलची रुंदी 600 पिक्सेलची धर, फोटो दुप्पट रुंदीचा ठेव, मोबाइलवर स्पष्ट दिसतो. आयफोनचे फोटो HEIC नावाच्या प्रकारात येतात, ते आधी जेपीजी करून घे. वेबपी (WebP) हा फोटोचा प्रकारही टाळ, जुन्या आउटलुकला तो कळत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो मागवशील तेव्हा डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांग, एरवी तो दाबून बारीक होतो.

माझ्याकडची जुनी डिस्क हवी म्हणाली होतीस. आपल्या हवेत कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यालाही बुरशी येते, म्हणून ती घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवली आहे. आतली नावं माझ्या अकलेआधीची आहेत, एकट्याने उलगडणार नाहीत. चतुर्थी झाली की एखाद्या रविवारी ये. रिकामी डिस्क घेऊन ये, कारण एक प्रत माझ्याकडेही राहू दे.

तुझा,
काका