टर्नरच्या 'कीलमेन' चित्रात रात्र असून एवढा उजेड कसा?

तुम्ही विचारलंय की इंग्लिश चित्रकार टर्नरच्या 'कीलमेन हीविंग इन कोल्स बाय मूनलाइट' या 1835 च्या चित्रात रात्र आहे म्हणतात, मग इतका लख्ख उजेड कुठून आला, आणि तरीही ते चांदणंच का वाटतं. मी समीक्षक वगैरे नाही, रविवारी ऑइल कलर घेऊन बसणाऱ्यातला आहे, पण हे चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत समोर उभं राहून पाहिलंय (तिकीट नसतं, म्हणून दोनदा गेलो), तेव्हा जे दिसलं ते सांगतो.

आधी एक गोष्ट. खरं चांदणं आपल्याला वाटतं त्यापेक्षा फार कमजोर असतं, पौर्णिमेचा चंद्रसुद्धा सूर्यापेक्षा साधारण 4 लाख पट मंद. एवढ्या कमी उजेडात डोळ्याला रंग नीट कळतच नाहीत. कोजागिरीला गच्चीवरचे सगळे दिवे घालवून दुधाच्या पेल्यात बघा, केशर टाकलंय हे वासावरून कळतं, रंगावरून नाही. म्हणजे चित्रकारानं जसं दिसतं तसंच काढलं तर कॅनव्हासवर करड्या-काळ्या डागांपलीकडे काही उरणार नाही, आणि ते चित्र टांगायचंय उजेडाच्या खोलीत. त्यात रंगांची अडचण अशी की पॅलेटवरचा सगळ्यात पांढरा आणि सगळ्यात काळा यांच्यात फरक फार तर काही डझन पटींचा, खऱ्या चंद्राच्या आणि काळोख्या पाण्याच्या मानाने काहीच नाही. त्यामुळे लबाडी केल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि टर्नर त्यातला उस्ताद.

लबाडी कुठे आहे ते बघा. चंद्र वर, मध्यापासून जरा डावीकडे. पण नुसता चंद्र झाकला तरी उजेड जात नाही, कारण त्यानं सगळं आकाशच एका भोवऱ्यासारखं फिरवलंय, आत पांढुरकं, बाहेर जाताना निळसर, मग कडेला गडद. आणि सगळ्यात जाड रंग कुठे आहे म्हणाल तर तो पाण्यावर! चंद्राखालच्या त्या उजेडाच्या पट्ट्यात रंगाचे थर एवढे उठून आलेत की बाजूनं पाहिलं तर भिंतीच्या खडबडीत गिलाव्यासारखे दिसतात, आणि त्या उंचवट्यांवर गॅलरीतल्या दिव्यांचा प्रकाश पडून ते खरोखरच चमकतात, म्हणजे पाणी रंगवलेलं कमी आणि बसवलेलं जास्त. शिवाय तो पट्टा चंद्राच्या खालून सरळ आपल्याकडे येतो, खऱ्या समुद्रावर येतो तसा. लाटेचा प्रत्येक उतार एक छोटासा आरसा असतो आणि त्यातले नेमके आपल्या डोळ्याकडे उजेड परतवणारेच चमकतात, म्हणून किनाऱ्यावर चालत गेलं की ही वाट आपल्याबरोबर चालत येते. नवशिके (मीसुद्धा) ती तिरकी, टॉर्चच्या झोतासारखी काढतात आणि तिथंच सगळं बिघडतं.

उजवीकडे मात्र मामला वेगळा आहे. ही इंग्लंडमधली टाइन नदी, समुद्राला मिळते तिथलं शील्ड्स बंदर. कोळसा नदीच्या वरच्या भागातून सपाट तळाच्या बोटींतून यायचा, त्या बोटींना कील म्हणायचे, आणि हे कीलमेन रात्री मशालींच्या उजेडात फावड्यांनी तो मोठ्या जहाजांत चढवायचे. मशालींच्या त्या नारिंगी ज्वाळा आणि त्यांच्यासमोर काळी माणसं. चंद्र थंड का वाटतो याचं माझ्या मते मुख्य उत्तर हेच, तो स्वतः काही फारसा निळा नाहीये, दुधाळच आहे, पण शेजारी तापलेला नारिंगी आला की डोळा आपोआप त्याला गार ठरवतो. हल्ली सगळं निळं करून 'मूनलाइट' म्हणून विकतात ती पोस्टरं मला त्यामुळेच फसवी वाटतात, त्यात तुलना करायला काही ठेवलेलंच नसतं. वर कोळशाचा धूर आहेच, तो हवेत पसरून मागची गलबतं पुसट करतो, ती नुसत्या करड्या फटकाऱ्यांत आणि दोन-चार बारीक रेघांत संपवलीयेत, आणि त्यामुळे हवा आहे, अंतर आहे असं वाटतं.

तुमच्यासारखीच शंका तेव्हाच्या लोकांनाही होती. प्रदर्शनात लागल्यावर एका समीक्षकानं तर तक्रारच केली की एवढं सुंदर चांदणं प्रेमिकांना ठरलेल्या भेटीच्या जागी पोचवायचं सोडून कोळसेवाल्यांवर वाया घालवलंय. मला वाटतं तो बिचारा मुद्दा बरोबर ओळखून चुकला. चित्र मागवणारा हेन्री मॅककॉनेल मँचेस्टरचा कापूस गिरणीवाला, त्याच्याकडे आदल्या वर्षीचं टर्नरचंच उन्हातल्या व्हेनिसचं चित्र होतं, त्याच्या जोडीला हे. एकीकडे वैभव मावळलेलं बंदर भर उन्हात, दुसरीकडे रात्रपाळी करणारं बंदर चांदण्यात.

माझा स्वतःचा प्रयोग म्हणाल तर ट्यूबमधून सरळ पांढरा काढून चंद्र लावला होता, घरच्यांनी विचारलं हा पापड कसला. आजूबाजूचं आकाश आधी हळूहळू उजळत नेलंच नव्हतं ना.

फोनवर चित्र उघडा आणि उजव्या बाजूच्या मशाली अंगठ्यानं झाका. मग चंद्राकडे बघा, आणि अंगठा काढून पुन्हा बघा.