मोठ्या कॅमेऱ्याची लेन्स प्रमाणात लहान करून मोबाईलमध्ये का बसवत नाहीत?

मोठ्या कॅमेऱ्यांसाठी इतक्या उत्तम लेन्स उपलब्ध असताना त्यांचेच आरेखन प्रमाणात लहान करून मोबाईलमध्ये का वापरत नाहीत, आणि तिथल्या भिंगांचे आकार इतके विचित्र का असतात, असे आपण विचारले आहे. मी लेन्स-आरेखनाच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आधी साधा हिशेब पाहू. मोठ्या कॅमेऱ्यांतील फुल-फ्रेम सेन्सरचा (३६ × २४ मि.मी.) कर्ण सुमारे ४३ मि.मी. असतो, तर मोबाईलमध्ये अनेक वर्षे रुळलेल्या १/२.५५ इंच प्रकारच्या सेन्सरचा कर्ण ७ मि.मी.च्या आसपास असतो. २६ मि.मी. नाभीय अंतराची (फोकल लेंग्थ) लेन्स याच प्रमाणात लहान केली, तर नाभीय अंतर ४.२ मि.मी. होते आणि दृश्यकोन तसाच राहतो. मात्र मूळ लेन्सच्या पुढच्या काचेपासून सेन्सरपर्यंतचे अंतर १०० मि.मी. असेल, तर लहान केल्यावरही ते १६ मि.मी. उरते. मोबाईलची एकूण जाडीच ८ मि.मी.च्या जवळपास असते आणि त्यातून स्क्रीन, मागची काच वगैरे वजा जाता लेन्सच्या वाट्याला जेमतेम पाच-सहा मि.मी. येतात. लेन्स लहान करणे तसे सोपे आहे. सेन्सरच्या मानाने ती आखूड करणे अवघड आहे, आणि आमचे बहुतेक कष्ट तिथेच खर्ची पडतात.

आखूड करण्यासाठी पुढच्या भिंगांना भरपूर अभिसारी (किरण एकत्र आणणारी) शक्ती द्यावी लागते आणि मागे अपसारी (किरण फाकवणारे) भिंग ठेवावे लागते. याची किंमत अशी की पुढे गोलीय विपथन आणि कोमा (प्रतिमेतला बिंदू पसरट किंवा शेपटीसारखा करणारे लेन्सचे दोष) वाढतात, तर सेन्सरच्या कडांवर किरण ३० अंशांहूनही अधिक तिरपे पडू लागतात. म्हणून जवळजवळ प्रत्येक पृष्ठभाग अगोलीय, म्हणजे गोलाच्या तुकड्याहून वेगळ्या आकाराचा ठेवतात. सर्वांत चमत्कारिक आकार शेवटच्या भिंगाचा असतो: सेन्सरकडची त्याची बाजू मध्यभागी खोलगट असते आणि कडेकडे जाताना उलटी वळून फुगीर होते, त्यामुळे त्याचा छेद पंख पसरलेल्या पक्ष्यासारखा दिसतो. हा आकार उपयोगी पडतो, कारण सेन्सरच्या इतक्या जवळ प्रतिमेच्या निरनिराळ्या बिंदूंकडे जाणारे प्रकाशझोत अरुंद होऊन एकमेकांपासून बरेच वेगळे झालेले असतात. साहजिकच, मध्यभागाला फारसा धक्का न लावता कडेच्या किरणांचा कोन आणि प्रतिमेची वक्रता (सपाट सेन्सरवर मध्य आणि कडा एकाच वेळी फोकसमध्ये न येणे) दुरुस्त करता येते.

असे आकार काच घासून बनवणे व्यवहार्य नाही. ते प्लॅस्टिकमध्ये इंजेक्शन मोल्डिंगने बनतात. अपवर्तनांक म्हणजे प्रकाश वळवण्याची क्षमता, आणि ॲबे अंक जितका कमी तितके रंग अधिक फाकतात. सायक्लिक ओलेफिन हे प्लॅस्टिक (अपवर्तनांक सुमारे १.५४, ॲबे अंक ५६) आणि अधिक अपवर्तनांकाचे, पण २० ते २५ ॲबे अंकाचे पॉलिएस्टर यांच्या जोडीने वर्णविपथन (निरनिराळे रंग वेगवेगळ्या ठिकाणी फोकस होणे) आवरले जाते. प्लॅस्टिकचा अपवर्तनांक दर अंश सेल्सिअसला साधारण एक दशसहस्रांशाने घटतो, त्यामुळे तापमानानुसार फोकस सरकतो. ते काम ऑटोफोकसवर सोपवतात. चित्रात सरळ रेषा वाकड्या दिसणे आणि कोपऱ्यांतला अंधार यांचा मोठा भाग सॉफ्टवेअर दुरुस्त करते.

प्रमाणात लहान केल्याने विपथनातून येणारी अस्पष्टता खरोखरच त्याच प्रमाणात घटते, हे मान्य. पण प्रकाशाची तरंगलांबी लहान होत नाही. एफ/१.८ ला (म्हणजे लेन्सच्या छिद्राचा व्यास नाभीय अंतर भागिले १.८ असताना) हिरव्या प्रकाशाची विवर्तन-चकती, म्हणजे छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने बिंदूऐवजी उमटणारा ठिपका, २.४ मायक्रॉन व्यासाची असते, आणि छिद्र लहान केले की ती आणखी मोठी होते, तर पिक्सेल एक मायक्रॉनच्या आसपासचे असतात. त्यामुळे छिद्र लहान करून प्रतिमा सुधारण्याचा जुना मार्ग इथे बंद आहे. साच्यातल्या आणि जुळणीतल्या चुकाही आपोआप लहान होत नाहीत. मोठ्या लेन्समध्ये एखादे भिंग २० मायक्रॉन सरकलेले चालत असेल, तर इथे तीन मायक्रॉनच मुभा उरते. एफ/१.८ ला फोकस सरकण्याची मुभाही दोन्ही बाजूंना साडेतीन मायक्रॉनच्या आसपास असते. ७ मि.मी. कर्णाचा सेन्सर ०.१ अंशाने जरी कलला, तरी त्याचा कोपरा सहा मायक्रॉन सरकतो आणि चित्राची एक बाजू मऊ दिसू लागते. म्हणूनच जुळणी करताना सेन्सर चालू ठेवून, चित्र पाहत लेन्स हलवतात आणि योग्य स्थितीत अतिनील प्रकाशाने गोंद पक्का करतात. संगणकावरचे आदर्श आलेख पाहून मी आता फारसा प्रभावित होत नाही. चुका गृहीत धरून काढलेले निकाल आधी मागतो, कारण कागदावर थोडे कमी गुणांचे आरेखन कारखान्यातून पुष्कळदा अधिक चांगले बाहेर पडते.

सेन्सर मोठा घेतला की हे सगळे प्रमाण पुन्हा वर सरकते. मागच्या बाजूचा कॅमेऱ्याचा उंचवटा याच हिशेबातून येतो. फोकससाठी लागणारी हालचाल तर नाभीय अंतराच्या वर्गाने वाढते: १० सें.मी.वरच्या वस्तूसाठी ४.२ मि.मी.ची लेन्स ०.१८ मि.मी. सरकवावी लागते आणि ७ मि.मी.ची जवळजवळ अर्धा मिलिमीटर. मोठ्या सेन्सरचे मोबाईल जवळचे फोटो अल्ट्रावाइड (अतिरुंद दृश्यकोनाच्या, आखूड नाभीय अंतराच्या) कॅमेऱ्याने काढतात, त्याचे एक कारण हे आहे.

दूरच्या दृश्यांसाठी लांब नाभीय अंतर लागते, तेव्हा प्रकाश ९० अंशांत वळवून लेन्स आडवी ठेवतात. ही युक्ती मिनोल्टाच्या २००२ मधील डायमेज एक्स या पातळ कॅमेऱ्यात होती. २०१९ च्या हुआवेई पी३० प्रोमध्ये ती पाचपट झूमसाठी वापरली गेली. अशा मांडणीत लांबीची अडचण सुटते, पण छिद्राचा व्यास यंत्राच्या जाडीवर अडतो: १५ मि.मी.ची लेन्स एफ/३ ला वापरायची, तर ५ मि.मी.चे छिद्र हवे, आणि प्रिझमही तेवढे उंच हवे.

आपल्याला स्वतः आरेखन करून पाहायचे असेल, तर कोऱ्या पानावरून सुरुवात करू नका. मोबाईल-लेन्सच्या पेटंटांमध्ये प्रत्येक पृष्ठभागाची त्रिज्या, जाडी आणि अगोलीय गुणांक (अगोलीय आकार ठरवणारे आकडे) छापलेले असतात. पाच भिंगांचे एखादे घ्या, ते आपल्या सेन्सरच्या प्रमाणात बदला, आणि सॉफ्टवेअरला मोकळे सोडण्याआधी भिंगांच्या कडांची किमान जाडी व पृष्ठभागाचा कमाल उतार यांवर बंधने घाला. नाहीतर साच्यातून कधीच निघू न शकणारे आकार ते बिनदिक्कत सुचवते.