युद्धानंतर शेजारी देशाशी तह करताना महिला नेत्या वेगळं काही करतात का?

तुमचा प्रश्न असा की युद्ध संपल्यावर बोलणी करायला बाई बसली तर शांतता जास्त टिकते का. तह टिकतो तो कागदावर काय लिहिलंय त्यावर. लिहिणारा बाप्या की बाई, याचा फारसा संबंध नाही. खरं तर इथेच थांबलो असतो, पण जाता जाता तुम्ही लिहिलंय की इंदिराबाईंनी शिमल्यात ९३ हजार कैदी फुकट सोडून दिले. हे वाक्य मिरकरवाड्याच्या जेट्टीवर, हर्णैच्या मासळीच्या लिलावात, एसटीत, कुठेही ऐकायला मिळतं. आणि ते साफ चूक आहे.

१९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धानंतरचा शिमला करार २ जुलै १९७२ चा. सह्या होईपर्यंत मध्यरात्र उलटली होती. सगळी मिळून सहा कलमं, दहा मिनिटांत वाचून होतात. कैद्यांचा उल्लेख शेवटच्या कलमात येतो, तोही 'पुढे चर्चा करू' या यादीत. कारण साधं आहे. १६ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात पाकिस्तानी फौजेनं शरणागती पत्करली ती भारत आणि बांगलादेशाच्या संयुक्त कमांडपुढे. म्हणजे ढाक्याच्या संमतीशिवाय कैदी सोडणं दिल्लीच्या हातात नव्हतं, आणि पाकिस्तानचे अध्यक्ष भुत्तो तर बांगलादेशाला मान्यताच देत नव्हते. मग २८ ऑगस्ट १९७३ चा दिल्ली करार झाला. त्यात पाकिस्तानात अडकलेले बंगाली परत आणण्याची अट होती. २२ फेब्रुवारी १९७४ ला पाकिस्ताननं बांगलादेशाला मान्यता दिली. ९ एप्रिल १९७४ च्या त्रिपक्षीय करारात १९५ पाकिस्तानी कैद्यांवरचे युद्धगुन्ह्यांचे खटले सोडून दिले गेले. ही शेवटची सूट जड होती, त्याबद्दल राग असेल तर समजू शकतो. पण फुकट म्हणू नका, आणि शिमल्याच्या नावावर तर मुळीच टाकू नका.

शिमल्यात परत दिली ती जमीन. पंजाब आणि राजस्थान-सिंधच्या बाजूनं घेतलेला पाच हजार चौरस मैलांच्या आसपासचा मुलूख सोडायचा ठरला. जम्मू-काश्मीरमध्ये मात्र १७ डिसेंबर १९७१ ला जो जिथे होता ती रेषा दोघांनी मानायची. म्हणून लडाखमधलं तुर्तुक आपल्याकडे राहिलं आणि जम्मूकडचं छांब तिकडे गेलं. बाईंचा खरा डाव हा होता. १९४९ ची, संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखालची युद्धबंदी रेषा बाजूला पडली आणि दोघांनी आपसात कबूल केलेली ताबारेषा (एलओसी) आली. वाद आपसात बोलून किंवा दोघांना मान्य असलेल्या शांततेच्या मार्गानंच सोडवायचे, हेही पहिल्याच कलमात.

आता गाडी अडली कुठे ते बघा. करार ४ ऑगस्टला अमलात आला, सैन्यमाघारीला ३० दिवस होते. प्रत्यक्षात माघार पुरी व्हायला २० डिसेंबर उजाडला, कारण आधी नकाशावर रेषा आखायची होती आणि जम्मूकडच्या ठाकोचक नावाच्या एका गावावरून दोन्हीकडचे सेनाधिकारी महिनोनमहिने अडून बसले. ११ डिसेंबरला सुचेतगढला नकाशांवर सह्या झाल्या. तरी रेषा नकाशावरच्या एनजे ९८४२ या बिंदूपाशी थांबली. पुढे नुसता बर्फ आहे, तिथे कोण जातंय, असा हिशेब. १९८४ मध्ये सियाचीन पेटलं ते त्याच न आखलेल्या तुकड्यात. ताबारेषेला हळूहळू सीमाच मानू, अशी तोंडी कबुली भुत्तोंनी दिली होती असं बाईंच्या जवळच्या अधिकाऱ्यानं पुढे लिहिलं. पाकिस्तान ते मानत नाही. तोंडी कबुलीचं हे असंच व्हायचं.

बाकीची उदाहरणं थोडक्यात. १९६२ च्या भारत-चीन युद्धानंतर श्रीलंकेच्या पंतप्रधान सिरिमावो बंदरनायके यांनी सहा देशांना कोलंबोत जमवलं आणि स्वतः पेकिंगला (आताचं बीजिंग) व दिल्लीला गेल्या. चीननं लडाखकडे २० किलोमीटर मागे सरायचं आणि त्या पट्ट्यात फौज ठेवायची नाही, असा प्रस्ताव होता. भारतानं तो पूर्ण मानला, चीननं 'तत्त्वतः' मानला, आणि तो तिथेच विरला.

दोन्ही बाजूंना बायकाच, असंही झालंय. १९७४ चा, रामेश्वरम आणि श्रीलंकेच्या मधल्या कच्चतिवू बेटाचा सागरी सीमा करार इंदिरा गांधी आणि सिरिमावो यांनी केला. युद्धानंतरचा नाही, पण तुमच्या प्रश्नाची परीक्षा इथेच होते. सहा बिंदू, प्रत्येकाचे अक्षांश-रेखांश लिहिलेले. आपल्या मच्छीमारांना बेटावर जायला व्हिसा लागणार नाही, असंही कलम. मग १९७६ च्या पत्रव्यवहारात रेषेपलीकडची मासेमारीच बंद झाली. कोळंबी राहिली पलीकडे. रेषेवर दोन देशांचं युद्ध झालं नाही, पण रामेश्वरमची बोट आजही पकडली जाते. सह्या दोन बायांच्या होत्या म्हणून तिथल्या कोळ्याला काही सूट मिळाली नाही.

तेव्हा जेट्टीवर इंदिराबाईंशी भांडायचंच असेल तर कैद्यांवरून नको, समुद्रावरून भांडा. शिमल्याच्या कागदात सागरी सीमेचा शब्द नाही. कच्छ आणि सिंधच्या मधल्या सर क्रीक खाडीचा वाद तसाच राहिला, त्यामुळे खाडीच्या तोंडापुढे समुद्रात दोघांना मान्य असलेली रेषाच नाही. तांडेलानं (बोट चालवणाऱ्यानं) जीपीएसवर टाकायचं काय? रात्री जाळं टाकून बोट प्रवाहाला लागली किंवा इंजिन बसलं की पकडल्यावरच कळतं. डहाणू-तलासरीची पोरं ओखा-पोरबंदरच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून जातात, ती अशीच अडकतात.

मी फक्त आपल्या शेजारचं बोललो, आफ्रिकेतली किंवा युरोपातली उदाहरणं वेगळी निघू शकतील. शिवाय एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं शिमला करार स्थगित ठेवण्याचा आपला हक्क सांगितलाय, हेही लक्षात असू द्या.

घरचं कोणी पाकिस्तानच्या तुरुंगात अडकलं असेल म्हणून विचारत असाल, तर त्याला शिमला नाही, २००८ चा वकिलाती संपर्काचा (कैद्याला आपल्या देशाच्या अधिकाऱ्यांना भेटता येण्याचा) करार लागू होतो. दोन्ही देश १ जानेवारीला आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या देतात. शिक्षा संपून नागरिकत्व पक्कं झालं की महिन्याभरात सोडायचं असं त्यात आहे. घोडं बहुतेक वेळा नागरिकत्वाच्या पडताळणीत अडतं. खलाशाचं ओळखपत्र आणि आधारच्या प्रती बोटीवर असतातच, त्यांचा एक संच घरीही ठेवा. नावाचं स्पेलिंग दोन्हींवर एकच आहे ना, ते बोट सुटायच्या आधी बघा.