पहिल्यांदा काउंटी फेअरच्या लिलावाला बसताना

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

पोरांच्या पत्रांचे फोटो पोहोचले. "काका, याचं करायचं काय?" असं विचारलंस. पहिलं म्हणजे त्यांना केराची टोपली दाखवू नकोस. आपल्या ओहायोत उन्हाळ्यात काउंटी फेअर, म्हणजे जिल्ह्याची जत्रा, जवळ आलं की फोर-एच आणि एफएफए या शेतकी संघटनांची मुलं स्वतः वाढवलेली जनावरं तिथल्या लिलावात विकायला आणतात. त्यासाठी ती गावातल्या दुकानदारांना, बँकेला, डॉक्टरांना अशी पत्रं लिहितात: मी अमुक इयत्तेत आहे, माझं डुक्कर एवढ्या वजनाचं आहे, लिलावाला जरूर या. तू दातांचा दवाखाना घेतलास, त्यामुळे त्यांच्या यादीत आता तुझंही नाव लागलं. दरवर्षी येतील.

आपल्याकडे चाकणच्या बाजारात रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून भाव ठरायचा. शेजाऱ्यालाही पत्ता लागत नसे. इथं सगळा कारभार उघड्यावर. मूल जनावर घेऊन रिंगणात येतं, लिलाववाला तोंडाचा पट्टा सोडतो, आणि शेवटी तुझ्या दवाखान्याचं नाव माइकवरून सगळ्या काउंटीला ऐकू जातं. म्हणून तर व्यापारी येतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण नुसतं तेवढ्यासाठी जाऊ नकोस.

आता भावाचं. बोली बहुधा पाउंडावर असते, काही ठिकाणी नगावर. समज, 260 पाउंडांच्या डुकराला तू चार डॉलर पाउंडाने बोली लावलीस, तर झाले 1,040 डॉलर. त्याच दिवशी कत्तलखान्याचा बाजारभाव साठ सेंट असेल, तर त्या डुकराची खरी किंमत 156 डॉलर. वरचे 884 हे त्या मुलाच्या खात्यात तू टाकलेले पैसे. जनावर बाजारभावाने परत विकायची सोय बहुतेक फेअरमध्ये असते. तसं केलंस तर तुझ्या खिशातून फक्त तो फरक जातो. काही काउंट्यांत तर बोली फक्त वरच्या रकमेचीच असते आणि जनावर तुझ्याकडे येतच नाही. तुझ्या काउंटीत यातलं काय चालतं ते आधी एक्स्टेंशन ऑफिसात, म्हणजे शेतकी विस्तार कार्यालयात, फोन करून विचार. हात वर केल्यावर विचारायचा हा प्रश्न नव्हे.

मांस घरी न्यायचं असेल तर वेगळा हिशोब. त्या 260 पाउंडांच्या डुकरातून कापून, गुंडाळून हातात येतं ते साधारण निम्म्याच्या आसपास, आणि कापणावळ तुझ्या अंगावर. बाराशे-तेराशे पाउंडांचा स्टिअर, म्हणजे खच्ची केलेला गोऱ्हा, घेतलास तर घरातला फ्रीज पुरणार नाही, मोठा डीप फ्रीझरच लागेल. साध्या गावठी लॉकरवर, म्हणजे छोट्या खाटिकखान्यात, कापलेल्या मांसावर 'नॉट फॉर सेल' असा शिक्का असतो; ते घरच्यांनी, पाहुण्यांनी, फार तर नोकरांनी खायचं. अन्नपेढीला द्यायचं मनात असेल तर सरकारी तपासणी होणाऱ्या कारखान्यातच कापून घ्यावं लागतं. आपल्यातले काही रेस्टॉरंटवाले इथेच फसतात: बोकड स्वस्तात सुटला म्हणून खुश होतात, आणि मग कळतं की गिऱ्हाइकाच्या ताटात तो वाढता येत नाही.

तू शाकाहारी आहेस, आणि मला तुझा स्वभाव माहीत आहे. एखादी आठ-नऊ वर्षांची पोर बोकडाच्या गळ्यात हात टाकून रडताना दिसली की तुला वाटेल, विकत घेऊन सोडवू या बिचाऱ्याला. तसं वचन कुणालाही देऊ नकोस. पुष्कळ ठिकाणी हा लिलाव 'टर्मिनल' असतो: रिंगणातून जनावर सरळ कत्तलखान्याच्या ट्रकमध्ये. 2022 मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातल्या शास्ता डिस्ट्रिक्ट फेअरमध्ये नऊ वर्षांच्या मुलीने सीडार नावाचा आपला बोकड द्यायला ऐन वेळी नकार दिला. घरच्यांनी नुकसान भरून द्यायची तयारी दाखवली. फेअरवाले नियमावर अडून बसले, शेरिफचे लोक शेकडो मैल जाऊन बोकड घेऊन आले, आणि तो मारला गेला. पुढे खटला झाला आणि 2024 मध्ये तीन लाख डॉलरवर मिटला. माझ्या मते त्यात मोठ्या माणसांनी हट्टापायी सगळं घालवलं. पण नियम होता, आणि तो आधीपासून लिहिलेला होता. तुला हे बघवत नसेल तर जनावर घेऊच नकोस, 'ॲड-ऑन' दे. म्हणजे बोली दुसऱ्याचीच राहते, तू मुलाच्या नावावर पंचवीस, पन्नास, शंभर, जे काही असेल ते वरून जोडतेस. जनावराशी तुझा संबंध येत नाही. गोऱ्हा कापायला घ्यावा का, हा आपल्या धर्माचा प्रश्नही तिथेच मिटतो. आपल्यातले कितीतरी जण वर्षानुवर्षं एवढंच करतात आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

आता मुख्य गोष्ट. ग्रँड चॅम्पियनच्या, म्हणजे पहिलं बक्षीस मिळालेल्या जनावराच्या, मागे लागू नकोस. त्याच्यासाठी बँक आणि खाद्यवाले भांडतात, उद्या पेपरात त्यांचाच फोटो. तू आदल्या दिवशी बार्नमध्ये, म्हणजे जनावरांच्या गोठ्यात, चक्कर मार (आतून आल्यावर हात स्वच्छ धू, आत काही खाऊ नकोस, 2012 मध्ये फेअरमधल्या डुकरांपासून तीनशेहून जास्त लोकांना फ्लू झाला होता). सेल ऑर्डरचा कागद, म्हणजे कोण कितव्या नंबरावर रिंगणात येणार त्याची यादी, घे आणि मुलांशी बोल. खाद्याचा खर्च किती झाला, वजन रोज किती वाढलं, आजारी पडलं तेव्हा काय केलं, असं विचार. जे पोर हिशोबाच्या वहीतून आकडे दाखवतं, त्याच्यासमोर पेनाने खूण कर. मग बघ, कुणाचे आईवडील गावात नवीन आहेत, कुणाच्या घरी ओळखीपाळखी नाहीत, कुणाचा नंबर यादीत शेवटी लागलाय. दुपार उलटली की बाकांवरचे निम्मे लोक उठून गेलेले असतात आणि त्या मुलांचं जनावर बाजारभावाच्या जरा वर सुटतं. तुझे पैसे तिथे लागले पाहिजेत. तुझ्या खुर्चीवर दात दाखवायला येणारी मुलं असतील तर त्यांना थोडं थोडं ॲड-ऑन सगळ्यांनाच दे. एकाला दिलंस आणि दुसऱ्याला नाही, तर त्याची आई ते वर्षभर विसरणार नाही.

रक्कम घरून ठरवून निघ आणि नवऱ्याला सांगून ठेव. शेजारचा माणूस बोली वाढवतोय म्हणून इरेला पेटू नकोस. लिलाववाल्याचे मदतनीस डोळ्यांत डोळे घालून अजून एक, अजून एक म्हणत राहतात, त्यांना मान हलवून नाही म्हणता आलं पाहिजे. हे पैसे मुलाच्या हातात जातात, त्यामुळे ती धर्मादाय देणगी धरत नाहीत. जाहिरात-खर्चात बसेल का, ते तुझ्या सीपीएला, म्हणजे इथल्या सीएला, विचार.

बिडर नंबर, म्हणजे बोली लावायचा तुझा क्रमांक, सकाळीच घे, चेकबुक घे, बंद बूट घाल. बोली तुझी ठरली की मूल फोटोसाठी तुला शोधत येईल, लगेच पळू नकोस. मी आणि काकू डाव्या बाजूच्या बाकांवर असू, तुझ्यासाठी जागा धरतो. पाणी मात्र घरून आण, तिथे फार महाग मिळतं.

तुझा,
काका