गेम संपला, आता काय वाचू?

"पुस्तकाचं नाव काढलं की ह्याचं डोकं दुखतंय, आणि गेमपुढं रात्रीचे तीन कधी वाजतात कळत नाही. काय करू सांगा की मॅडम."

सोलापूरच्या पूर्व भागातून आलेली ही आई. शेजारी मान खाली घालून बसलेला मुलगा १९ वर्षांचा, पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला. वडिलांचा यंत्रमागाचा छोटा कारखाना. (हे मुलाच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

अशी तक्रार घेऊन सोलापुरात माझ्याकडे बरेच पालक येतात. त्यांच्या मनात 'व्यसन' हा शब्द आधीच पक्का झालेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराला आपल्या आजारांच्या यादीत जागा दिली आहे, हे खरं. पण खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, आणि हे सगळं साधारण १२ महिने टिकणं, अशी त्याची व्याख्या आहे. या मुलाची कॉलेजची हजेरी ठीक होती, मित्र होते, जेवण वेळेवर होतं. झोप मात्र दोन महिन्यांपासून बिघडली होती. हा आजार नव्हता.

आईला बाहेर बसवून मी त्याला विचारलं, "दोन महिन्यांपूर्वी काय झालं?"

"गेम संपला."

गेम होता 'सायबरपंक २०७७'. पोलंडच्या कंपनीने २०२० मध्ये आणलेला, प्रौढांसाठीचा. त्यातल्या नायकाच्या डोक्यात एक चिप बसते. तिच्यात एका मेलेल्या रॉक गायकाचं मन साठवलेलं असतं आणि ते हळूहळू नायकाचं मन पुसत जातं. शेवट झाल्यावर हा मुलगा नावांची यादी संपेपर्यंत बसून राहिला. नंतर दुसरे गेम लावून पाहिले, एकही रुचेना. म्हणून तोच परत सुरू केला. "गाव सोडून आल्यासारखं वाटतंय मॅडम," तो म्हणाला.

मग त्याने मोबाईलवर स्क्रीनशॉट दाखवले. मला वाटलं होतं, गाड्या आणि बंदुका असतील. होता तो मजकूर. त्या गेममध्ये जागोजागी 'शार्ड' सापडतात. कुणाची पत्रं, बातम्या, मेलेल्या माणसाची शेवटची नोंद. खेळणारे बहुतेक जण ते ओलांडून पुढे जातात. ह्याने शेकडो वाचले होते, अडलेल्या इंग्रजी शब्दांचे अर्थ ड्रॉइंगच्या वहीच्या मागच्या पानांवर पेन्सिलने लिहून ठेवले होते. वाचत नाही म्हणून ज्याला माझ्याकडे आणलं, तो दोन महिने रात्री जागून वाचतच होता.

इथे माझ्याकडून चूक झाली. मी उत्साहाने विल्यम गिब्सन यांची 'न्यूरोमॅन्सर' सुचवली. १९८४ ची ही कादंबरी म्हणजे 'सायबरपंक' या विज्ञानकथांच्या प्रकाराचं मूळपीठच. दोन आठवड्यांनी तो उतरलेल्या चेहऱ्याने आला. "वीस पानं झाली. माझं इंग्लिशच कच्चं आहे." इंग्रजीचा दोष कमी होता. गिब्सन नवे शब्द समजावत बसत नाहीत, वाचकाला थेट त्या गल्लीत सोडून देतात. मुरलेल्या वाचकाला त्यातच मजा येते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. पहिलं पुस्तक चुकीचं निघालं की पोरं दोष स्वतःकडे घेतात, आणि हे मला फार लागतं.

मग मी प्रश्न बदलला. "गेममधलं नेमकं काय आठवतं?" तो बराच वेळ गप्प राहिला. "शेवटी जो उरतो, तो तोच असतो का?"

या प्रश्नावर तर अख्खी पुस्तकं उभी आहेत. आधी मार्था वेल्स यांची 'ऑल सिस्टम्स रेड' दिली. २०१७ ची, जेमतेम दीडशे पानांची, सोपी भाषा. अर्धा यंत्र, अर्धा जीव असलेला रक्षक स्वतःवरचं नियंत्रण तोडतो आणि मोकळीक मिळाल्यावर हजारो तास मालिका बघत बसतो. हे ऐकून आई पहिल्यांदा हसली. त्यानंतर फिलिप के. डिक यांची १९६८ ची 'डू अँड्रॉइड्स ड्रीम ऑफ इलेक्ट्रिक शीप?'. तीत माणूस आणि यंत्रमानव यांतला फरक दुसऱ्याच्या वेदनेने कळवळतो की नाही, यावरून तपासतात.

मराठीतही शोध घे, म्हटलं. जयंत नारळीकरांची 'वामन परत न आला' त्याला वाचनालयात मिळाली. खोदकामात सापडलेल्या जुन्या संस्कृतीच्या ज्ञानावरून घडवलेला बुद्धिमान यंत्रमानव आहे त्यात. नारळीकरांनी १९७४ मध्ये पहिली विज्ञानकथा स्पर्धेला पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, हेही सांगितलं. "म्हणजे हँडल घेतलं होतं!" तो म्हणाला. हँडल म्हणजे ऑनलाइन टोपणनाव. मुलगा १३-१४ वर्षांचा असेल तर मी सुरुवात नारळीकरांपासूनच करायला सांगते. सायबरपंकमध्ये अमली पदार्थ, हिंसा, लैंगिक प्रसंग सर्रास असतात.

झोपेसाठी एकच बोली ठरली. साडेबाराला कॉम्प्युटर बंद, त्यानंतर फक्त कागदाचं पुस्तक. पहिल्या आठवड्यात ती दोनदा मोडली. आईला मी सांगितलं, रागावू नका, सकाळी फक्त कुठवर आलास विचारा.

वडील एकदाच आले, तेही घाईत. "हे परदेशी खूळ," म्हणाले. मी त्यांना जकार्डबद्दल, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्रणेबद्दल विचारलं. चादरीची नक्षी ज्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवरून उठते, तीच युक्ती चार्ल्स बॅबेजने १८३० च्या दशकात आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात घेतली होती. गिब्सन आणि ब्रूस स्टर्लिंग यांची १९९० ची 'द डिफरन्स इंजिन' त्याच धाग्यावर आहे. बॅबेजचं यंत्र खरंच यशस्वी झालं असतं आणि शंभर वर्षं आधीच कॉम्प्युटर भोकांच्या कार्डांवर चालले असते, तर? वडील खुर्चीत मागे टेकून बसले. कार्ड कसं टोचतात, एक भोक चुकलं की नक्षी कुठे फाटते, हे त्यांनी मुलाला वीस मिनिटं समजावलं. जायची घाई विसरले होते.

परवा तो एकटाच आला. 'न्यूरोमॅन्सर' पुन्हा हातात घेतली आहे, नव्वदाव्या पानावर आहे. खूण म्हणून पानांत जकार्डचं जुनं, कडा झिजलेलं कार्ड होतं.