मेडिक्लेमचे पैसे कापून दिले, तर वकिलाशिवाय दाद मागता येते का?

येते. पण आधी हिशेब मांडा, मग भांडा.

तुम्ही लिहिलंत त्याप्रमाणे तुमच्या आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं बिल २,१०,०००, मिळाले १,४०,०००. खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला ४,०००, तुम्ही पाच दिवस घेतलेली खोली ६,००० ची. म्हणजे ४,००० ला ६,००० या प्रमाणात कंपनीने अख्ख्या बिलाचे दोन तृतीयांशच दिले, एक तृतीयांशाला कात्री लावली. माझ्या वडिलांच्या क्लेमलाही असंच केलं होतं, आणि कंपनीला नेमकं इथेच पकडता येतं. विमा नियामक आयआरडीएआयच्या जून २०२० च्या परिपत्रकानुसार औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही प्रमाणशीर कपात लागत नाही. आयसीयूलाही नाही.

समजा औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांचे मिळून १,२०,००० झालेत. ते पूर्ण मिळायला हवेत. उरलेल्या ९०,००० चे दोन तृतीयांश ६०,०००. एकूण १,८०,०००. म्हणजे मागायचे ४०,०००, सगळे ७०,००० नव्हेत. जास्त मागितलंत की ‘यांना पॉलिसीची अटच मान्य नाही’ म्हणायला ते मोकळे.

पण हॉस्पिटलकडून एक पत्र मिळवा: खोली बदलली की सर्जनची फी, ओटीचे (ऑपरेशन थिएटरचे) दर बदलतात का? बदलत नसतील तर त्या खर्चावरही कपात चालत नाही. मग फक्त भाड्यातला १०,००० चा फरक तुमच्या माथी, बाकी ६०,००० तुमचे. बिलिंगवाले टोलवतात, पिच्छा सोडू नका. आमचं काम त्या पत्रानेच झालं.

पुढे कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. मुंबईत आणि पुण्यात कार्यालय आहे. फी नाही, वकील तर चालतच नाही. कंपनीच्या उत्तरापासून वर्षाच्या आत जा. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक, तुमच्यावर नाही. नाही पटला तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. उलट क्रम मात्र चालत नाही, आयोगात केस असेल तर त्याच विषयावर लोकपाल तक्रार घेत नाहीत.

आयोगासाठी मुदत दोन वर्षं. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, ई-जागृती पोर्टलवरून. फी हप्त्याच्या रकमेवर ठरते, पाच लाखांपर्यंत शून्य. वकील सक्तीचा नाही. मनस्ताप आणि खर्चाची भरपाई तिथे मागता येते, पण तारखा पडत राहतात, म्हणून मी लोकपालच आधी म्हणेन. तुमच्या मेव्हण्यांनी सुचवलेलं लघुवाद न्यायालय (स्मॉल कॉजेस कोर्ट) विसरा. मुंबईत तिथे मुख्यतः जागा-भाड्याचे दावे चालतात.

पैसे घेताना ‘फुल अँड फायनल’वर, म्हणजे आता काही येणं नाही अशा पावतीवर, सही केलीय म्हणून घाबरू नका. नुसत्या सहीने हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच सांगितलंय. पण सही नाइलाजाने केली हे तुम्हाला दाखवावं लागेल. तेव्हा ‘रक्कम मान्य नाही’ असा ईमेल आजच टाका.