खाली क्ष-किरण केंद्र, वर घर

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावरील गाळ्यात नुकतेच क्ष-किरण केंद्र सुरू झाले आहे. बरोबर त्याच्या वर आमचे घर असून सून गरोदर आहे. महापालिकेची परवानगी असल्याचे चालक सांगतात. तेवढी पुरेशी असते का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. क्ष-किरण यंत्र चालवण्यासाठी, महापालिकेचे कागद काहीही असोत, अणुऊर्जा नियामक मंडळाची मंजुरी लागते. १९८३ साली स्थापन झालेल्या या मंडळाचे मुख्यालय मुंबईत अणुशक्तिनगरला आहे, आणि २००४ च्या प्रारण (रेडिएशन) संरक्षण नियमांनुसार रुग्णालयातील सीटी स्कॅनपासून गल्लीतल्या दवाखान्यातील यंत्रापर्यंत सर्वांवर त्याचा अधिकार चालतो. साध्या क्ष-किरण यंत्राची मंडळाकडे नोंदणी करावी लागते, तर सीटी स्कॅनसाठी परवाना घ्यावा लागतो. तेव्हा चालकांकडे मंडळाचे नोंदणीपत्र आणि यंत्राच्या गुणवत्ता तपासणीचा अलीकडचा अहवाल दाखवण्याची मागणी सोसायटीच्या लेटरहेडवर करावी.

आता धोक्याविषयी. या यंत्रात किरणोत्सारी पदार्थ नसतो. बटण सोडले की किरण थांबतात, भिंतीत किंवा हवेत काही साचून राहत नाही. शिवाय छायाचित्र काढताना किरणांचा झोत बहुधा खाली टेबलाकडे किंवा आडवा, भिंतीलगतच्या स्टँडकडे असतो. त्यामुळे तुमच्याकडे आलेच तर रुग्णाच्या अंगावरून विखुरलेले किरण येतील, आणि काँक्रीटचा स्लॅब त्यातील बहुतेक अडवतो. सर्वसामान्य नागरिकाला अशा कामांमुळे वर्षभरात १ मिलिसिव्हर्टहून (शरीराला मिळणारे प्रारण मोजण्याचे एकक) अधिक प्रारण मिळता कामा नये, अशी मर्यादा आहे.

माझ्या मते यंत्रापेक्षा खोलीकडे अधिक लक्ष द्यावे. नऊ इंची विटांची भिंत आणि शिशाचा पत्रा बसवलेले दार यांच्या भरवशावर नोंदणी होते. पुढे वातानुकूलन यंत्रासाठी त्याच भिंतीला कुणी भगदाड पाडले किंवा नूतनीकरणात दार बदलून साधे प्लायवूडचे बसवले, तर कागद जुनाच राहतो आणि संरक्षण मात्र गेलेले असते. दार उघडे ठेवून यंत्र चालवले जाते का, दारावर तीन पाकळ्यांचे प्रारणचिन्ह आणि लाल दिवा आहे का, हे तुम्हालाही सहज पाहता येईल. कागद दाखवण्यास नकार मिळाला किंवा खोलीत असा बदल आढळला, तर थेट मंडळाकडे लेखी तक्रार करावी.